गाडी एकाच्या नावावर, आठवण साऱ्या घराची

दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेली माणसं एकत्र बसली की आधी संचांबद्दल बोलतात. कुठला संच कधी बंद पडला, रात्रपाळीत कुणी तो परत चालू केला, कोण साहेब कसा होता. तासाभरानं गाड्या निघतात. नोकरीला लागल्यावर घेतलेली सायकल, पतसंस्थेचं कर्ज काढून आणलेली लुना, नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहायला लावणारी चेतक, पोराच्या हट्टापायी घेतलेली हिरो होंडा. गाडीचा रंग सांगतात, नंबर सांगतात, कुणाकडून घेतली आणि कुणाला विकली हेही सांगतात. विकली हे सांगताना आवाज थोडा खाली येतो. आज त्याच माणसाच्या अंगणात बटणावर सुरू होणारी, कधीच न अडणारी गाडी उभी असते आणि तिच्याबद्दल तो दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही.

ज्या गाडीनं इतका त्रास दिला तिच्यावरच इतकी माया का? हा प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. त्याची उत्तरं अभ्यासकांनी दिली आहेत, जाहिरातवाल्यांनी दिली आहेत, जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी दिली आहेत आणि गाडी विकून टाकून आयुष्यभर हळहळणाऱ्यांनीही दिली आहेत. ती सगळी एका जागी मांडून पाहावीत आणि आपल्या भागाला त्यातलं किती लागू पडतं ते तपासावं, एवढ्यासाठी हा लेख.

आपला भाग या विषयाला फार योग्य आहे. भुसावळ आणि वरणगाव यांच्या मधल्या पट्ट्यात पगारदारांची संख्या पूर्वीपासून मोठी. भुसावळला रेल्वे, भुसावळ आणि वरणगाव या दोन्ही ठिकाणी आयुध निर्माणी, आणि महामार्गालगत दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. या केंद्राचा ६२.५ मेगावॉटचा पहिला संच १९६८ सालचा. पुढे २१० मेगावॉटचे दोन आले आणि २०१२च्या सुमारास ५०० मेगावॉटचे दोन. या संचांबरोबर विदर्भातून, मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून माणसं आली आणि वसाहतीत राहिली. पाळीला जायला सायकल पुरत होती. पण मोठा बाजार, मोठा डॉक्टर, रेल्वे स्टेशन, मुलांचं कॉलेज हे सगळं भुसावळात. एसटीच्या वेळा आणि पाळीच्या वेळा जुळत नसत. म्हणून स्कूटर आली ती हौस म्हणून कमी, गरज म्हणून जास्त. याच पट्ट्याला लागून यावल-रावेरकडची केळीची गावं. तिथला शेतकरी स्कूटरच्या वाटेला फारसा गेला नाही. त्याला राजदूत हवी होती, येझदी हवी होती, नंतर एम-एटी. एकाच तालुक्याच्या बाजारात पगारदाराची स्कूटर आणि शेतकऱ्याची मोटारसायकल अशा दोन वेगळ्या परंपरा शेजारी शेजारी वाढल्या, आणि दोघांच्या आठवणींचा पोतही वेगळा आहे.

शिवाय या गाड्यांपैकी पुष्कळशा आपल्याच राज्यात जन्मल्या. लॅम्ब्रेटा स्कूटर मुंबईत जोडली जायची. बजाजनं १९६० साली इटलीच्या पियाजिओशी करार करून पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनवायला घेतली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकनं लुना आणली, तिचं गाव अहमदनगर. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया तयार होऊ लागली. पुढे औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा दुसरा मोठा कारखाना उभा राहिला. खानदेशातल्या घरात आलेली स्कूटर बहुतेक वेळा आकुर्डी, सातारा नाहीतर वाळूजची असायची, आणि तिचे सुटे भाग मिळवायला पुण्या-औरंगाबादला निघालेला नातेवाईक उपयोगी पडायचा.

या विषयावर बोलणारा प्रत्येक जण पहिलं कारण सांगतो ते वाट पाहण्याचं. परवाना पद्धतीच्या काळात कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं. मागणी अफाट, उत्पादन बांधलेलं. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून आठ-दहा वर्षं थांबलेली माणसं खोटं सांगत नाहीत, तेव्हा तसंच होतं. परदेशातल्या नातेवाइकानं परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची. ज्याचा नंबर लागला तो शोरूममधून बाहेर पडता पडता 'ऑन' घेऊन तीच गाडी किमतीपेक्षा जास्त पैशांना विकू शकायचा, आणि तसे विकणारेही होते. मुलगी जन्मली तेव्हा नंबर लावला आणि ती शाळेत जायला लागल्यावर गाडी आली, अशी उदाहरणं वसाहतीत होती. इतक्या वर्षांत गाडी घरात येण्याआधीच घरातल्या बोलण्यात आलेली असायची. कुठे उभी करायची, पहिल्यांदा कुठे जायचं, मागे कोण बसणार हे सगळं ठरलेलं.

पण हे कारण मला अपुरं वाटतं. टेलिफोनसाठीही लोक तितकीच वर्षं थांबले, गॅस जोडणीसाठीही थांबले. त्या काळ्या टेलिफोनबद्दल कुणी रात्र रात्र बोलत नाही. टंचाईनं वस्तूची किंमत वाढते. माया वाढायला आणखी काही लागतं. आणि त्या टंचाईचं कौतुक तर मुळीच करू नये. पगारातून पै-पै साठवणाऱ्या माणसाला दहा वर्षं पायी आणि सायकलवर ठेवणारी ती व्यवस्था होती, तिच्यात चांगलं काहीच नव्हतं.

दुसरं कारण हाताच्या कामाचं, आणि ते जास्त खोल जातं. चेतक चालवणं म्हणजे तिची देखभाल करणं. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं. पंपावरचा माणूस हिशेबात चुकला तर धूर तरी जास्त किंवा इंजिन तरी गरम. थंडीत सकाळी गाडी उठत नसे, मग तिला एका अंगावर तिरकी करायची, चोक ओढायचा, किकवर किक मारायची. तरी नाही उठली तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. प्लगपाना डिक्कीत नाही असा चेतकवाला विरळा. क्लचची वायर कधी तुटेल याचा नेम नसल्यानं जादा वायर गुंडाळून ठेवलेली. मागे स्टेपनी, त्यामुळे पंक्चर झाल्यावर दुकान शोधत ढकलायची गरज नाही. चाक रस्त्यातच बदलता यायचं आणि ते घरातल्या मोठ्या मुलालाही यायचं. रिझर्व्ह कधी लागलं ते इंजिनच्या आवाजावरून कळायचं.

दीपनगरात यात आणखी भर होती. इथले बरेचसे लोक फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. दिवसभर टर्बाइन, पंप, कोळशाचे पट्टे दुरुस्त करणाऱ्या हातांना स्कूटरचं कार्बोरेटर खोलायला गॅरेज लागत नसे. रविवारी सकाळी क्वार्टरसमोर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर सुटे भाग मांडलेले, शेजारचा येऊन उकिडवा बसलेला, आतून चहा आलेला, हे दृश्य त्या काळातल्या कुठल्याही वसाहतीत दिसेल. पण इथे त्या बसलेल्या दोघांना खरोखर काम येत असे. केंद्राची राख गाड्यांवर बसायची, म्हणून पुसणंही रोजचं. जुन्या बनियनचा फडका आणि गाडी ही जोडी कायमची.

रसेल बेल्क या अमेरिकी अभ्यासकानं १९८८ साली माणूस आणि त्याच्या वस्तू यांवर एक लेख लिहिला, तो आजही या विषयात पायाभूत मानतात. वस्तू आपल्या 'मी'चा भाग कशी होते, हा त्याचा प्रश्न. तत्त्वज्ञ सार्त्रच्या आधारानं त्यानं तीन वाटा सांगितल्या: वस्तूवर ताबा मिळवणं, ती स्वतः घडवणं आणि ती आतून-बाहेरून जाणणं. चेतकच्या मालकाला तिन्ही वाटा मोकळ्या होत्या. तिचा गिअर हातात बसायला वेळ लागायचा, म्हणजे ताबा मिळवावा लागायचा. रेक्झिनचं सीट कव्हर, पुढची जाळी, मडगार्डवरचं रबर, दोन्ही बाजूंचे गार्ड असं करत करत ती आपल्या मनासारखी घडवली जायची. आणि तिचं दुखणं आवाजावरून ओळखता यायचं. आजच्या गाडीत बिघाड झाला तर सर्व्हिस सेंटरमधला मुलगा संगणक जोडून सांगतो. गाडी सुधारते, पण मालकाच्या हाती काही येत नाही.

शेतकऱ्याच्या गाडीची गोष्ट निराळी. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ पोलंडच्या एका मोटारसायकलवरून घेतलेली, १७३ सीसीची, साठच्या दशकात आलेली. वेग बेताचा, बांधा दणकट. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे ढेपेचं पोतं, टाकीवर पोर आणि पांदीतून निघालेली राजदूत हे चित्र रावेर-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंत सारखंच. येझदी मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यात, त्यामुळे नव्या माणसाला गाडी सुरूच करता येत नसे. बजाजची एम-एटी नंतरची. दिसायला किरकोळ, पण ओझ्याला वाघ. या गाड्यांच्या मालकांना विचारलं की ते गाडीबद्दल कमी आणि तिनं वाहिलेल्या ओझ्याबद्दल जास्त सांगतात. पूर आलेल्या नाल्यातून कशी काढली, बाळंतिणीला रात्री तालुक्याला कसं नेलं, मोटरपंप मागे बांधून वायंडिंगला कसा पोचवला. बोलण्याची ही तऱ्हा त्यांच्या बैलांच्या आठवणींतून आलेली आहे. बैलाबद्दलही शेतकरी तो दिसायला कसा होता हे एका वाक्यात सांगतो आणि त्यानं काय ओढलं हे सविस्तर. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, त्याच्या उत्सवाला अलीकडे चेतक महोत्सव म्हणतात. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव एकीकडे स्कूटरला आणि दुसरीकडे आपल्या यात्रेला मिळालं. ज्या भागात जनावराचं मोल त्याच्या चालीवरून आणि सोसण्यावरून ठरतं, तिथे गाडीचंही तसंच ठरलं यात नवल नाही.

तिसरं कारण वयाचं. स्मरणाचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळलेली गोष्ट अशी की उतारवयातल्या माणसाला आयुष्य आठवायला सांगितलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. पहिली नोकरी, पहिलं घर, लग्न, पहिलं मूल हे सगळं याच काळातलं, आणि पहिली गाडीही. यामाहा आरएक्स १००वर आज पन्नाशीतली माणसं जीव टाकतात त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. ती १९८५ साली आली, १९९६ साली बंद झाली. ९८ सीसीचं छोटं इंजिन, वजन शंभर किलोच्या आसपास, आणि त्या मानानं जोर विलक्षण. त्या अकरा वर्षांत जे कॉलेजात होते त्यांची ती गाडी. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांबाहेर तिचा आवाज ऐकून मुलं वळून पाहत. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनाही ती तितकीच आठवते, हे लक्षात घ्यायला हवं. तेव्हा मायेला मालकी लागतेच असं नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नव्हे. समुद्रावर शिडाची फळी घेऊन वाऱ्यावर पळणाऱ्या विंडसर्फर मंडळींच्या गप्पा आपल्या गप्पांशी विलक्षण जुळतात. कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली या फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७६ साली रॉबी नॅश हा तेरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. १९८४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, आणि तेव्हापासून ऑलिंपिकची फळी सतत बदलत राहिली: आधी विंडग्लायडर, मग लेखनर, मग मिस्ट्रल, मग आरएस-एक्स, आणि २०२४च्या पॅरिसला पाण्यावर अधांतरी उचलली जाणारी आयक्यूफॉइल. दर काही वर्षांनी कालची फळी निकामी. आपल्या इबाद अलीनं २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आरएस-एक्सवर कांस्यपदक मिळवलं तेव्हा ऑलिंपिकनं ती फळी बाजूला सारलेली होती. या खेळातले जुने लोक आपली लांब, जड, वळायला आळशी अशी पहिली फळीच सर्वांत मायेनं आठवतात. नव्या फळ्या दुप्पट वेगाच्या आहेत, पण तोल सांभाळायला शिकवलं ते त्या पहिलीनं. जिनं शिकवलं तिची आठवण राहते, हे समुद्रावर जितकं खरं तितकंच वरणगाव रस्त्यावरही.

इथपर्यंत जे सांगितलं ते बहुतेक पुरुषांचं सांगणं आहे. जुन्या गाड्यांवरचे लेख, सभा, मेळावे पाहिले तर बोलणारे जवळजवळ सगळे पुरुष. या विषयाच्या आढाव्यातली सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

बायकांच्या आठवणी दोन प्रकारच्या. एक मागच्या सीटवरची. स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर तान्हं, हातात पिशवी, पदर चाकात जाऊ नये म्हणून मुठीत धरलेला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना भुसावळहून परतताना सीट तापलेलं, झळा तोंडावर, आणि बाळाच्या डोक्यावर ओला रुमाल. आखाजीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून भाऊ मोटारसायकलवर आला, ही आठवण खानदेशातल्या कित्येक लेकींना आहे, आणि भावाच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ओळखता यायचा हेही त्या सांगतात. पुरुषाला प्लग आठवतो, बाईला रस्ता आठवतो.

दुसरी आठवण स्वतः चालवण्याची, आणि तिची सुरुवात लुनानं केली. लुना म्हणजे पन्नास सीसीचं इंजिन आणि सायकलसारखे पायडल. पेट्रोल संपलं तर पायांनी मारत न्यायची. वजनाला हलकी, गिअर नाही. शिक्षिका, परिचारिका, टपाल आणि बँकेतल्या कर्मचारी स्त्रिया लुनावर दिसू लागल्या. १९८४ नंतर कायनेटिक होंडा आली, बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली, साडी नेसून चालवता येणारी. नव्वदच्या दशकात स्कूटी आली आणि मुली कॉलेजला गाडीवर जाऊ लागल्या. मोटारसायकलवाले या गाड्यांना गाडी मानायला तयार नसत. पण एखादीच्या आयुष्यात कुणाला न विचारता, कुणासाठी न थांबता बाहेर पडता येण्याचा पहिला दिवस या गाडीनं आणला असेल, तर तिच्या आठवणीचं वजन आरएक्स १००च्या आठवणीपेक्षा कमी कसं? मला तर ते जास्तच वाटतं.

तिसरी एक बाजू आहे, तिच्याबद्दल मेळाव्यात कुणी बोलत नाही. कित्येक राजदूत, येझदी आणि स्कूटर लग्नात सासऱ्यानं दिलेल्या होत्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. तरी बोलणी करताना गाडीचं नाव घेऊन मागणी व्हायची आणि जावयाची पसंती विचारली जायची. त्या गाडीची आठवण नवऱ्याच्या मनात तारुण्याची आहे. बायकोच्या मनात त्याच गाडीबरोबर वडिलांनी काढलेलं कर्ज किंवा विकलेला जमिनीचा तुकडाही आहे. आणि गाडी दिली नाही म्हणून छळ झालेल्या मुलींची तर आठवण सांगायलाही कुणी नसतं. जुन्या गाड्यांची माया खरी आहे, पण तिचा आढावा घेताना ही नोंद गाळणं अप्रामाणिक ठरेल.

मुलांच्या आठवणींचा वाटा मात्र सगळे मान्य करतात. स्कूटरच्या पुढच्या सपाट जागेत, वडिलांच्या दोन हातांच्या मध्ये, हँडलला धरून उभं राहणं. आमच्या घरीही स्कूटर होती आणि ती जागा माझी होती. धाकटी बहीण मोठी झाली तसा मी मागे आई-वडिलांच्या मध्ये गेलो आणि ती पुढे आली. मला त्या गाडीचं मॉडेल फार उशिरा कळलं. आठवतो तो वडिलांच्या शर्टाचा वास, हॉर्नचं बटण आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडले म्हणून पाणी पाहायला गेलेलो ती दुपार.

पण मूल पुढे उभं, दोघांच्या मध्ये दुसरं, कुणाच्याच डोक्यावर हेल्मेट नाही, हे आज आपण कुणाला करू देणार नाही आणि देऊही नये. त्या स्कूटरची चाकं लहान, इंजिन एका बाजूला असल्यानं वजन एकीकडे झुकलेलं, ब्रेक साधे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ती घसरायची. टू-स्ट्रोक इंजिनात काही पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जातं, म्हणून प्रदूषणाचे नियम १९९१, १९९६ आणि २००० साली टप्प्याटप्प्यानं कडक होत गेले तशा या गाड्या मागे पडल्या. हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ सालची फोर-स्ट्रोक गाडी आणि तिच्यामागून १९९४ साली आलेली स्प्लेंडर यांनी अ‍ॅव्हरेजच्या जोरावर बाजार जिंकला. ते योग्यच झालं. माया आणि गुणवत्ता यांची गल्लत करू नये. जुनी गाडी चांगली होती म्हणून आठवते असं सांगणाऱ्याला कोणताही प्रामाणिक मेकॅनिक दुरुस्त करील.

या मायेचा व्यापार फार पूर्वी सुरू झाला. १९८९ सालची 'हमारा बजाज' ही जाहिरात गाडीचं यंत्र दाखवत नव्हती, गाडीवर बसलेली माणसं दाखवत होती, आणि म्हणूनच ती टिकली. त्याच कंपनीनं २००९ साली स्कूटर बनवणं पूर्ण थांबवायचं ठरवलं, तेव्हा राहुल बजाज यांनी जाहीरपणे आपल्याला वाईट वाटल्याचं सांगितलं होतं. पुढे वारं फिरलं. २०१८ साली जावा परतली, २०२० साली चेतक विजेवर धावू लागली, २०२२ साली येझदी आली, २०२४ साली लुनाही विजेची झाली. जुन्या नावांना मोल आलं. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, गाड्या चांगल्या आहेत. पण ज्यांच्या आठवणीवर ही नावं विकली जातात ती पिढी आता गुडघ्यांच्या तक्रारी सांगते, आणि विकत घेणाऱ्यांना जुनी चेतक आठवायचं कारण नाही.

खऱ्या जुन्या गाड्या जपणारे वेगळे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझदीवाले एकत्र येतात, महाराष्ट्रातही येतात. पुण्यात विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, ते पाहिल्यावर कळतं की एका माणसाच्या चिकाटीनं किती वाचू शकतं. खानदेशात ही जपणूक अजून घरगुती आहे. कुणाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली राजदूत, कुणाच्या जिन्याखाली प्रिया. कायद्यानं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं आणि हरित कर भरावा लागतो. एप्रिल २०२२मध्ये दुचाकीचं हे नूतनीकरणाचं शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झालं. गाडीची बाजारातली किंमत त्यापेक्षा फार नसते. त्यामुळे वडील गेल्यावर गाडी भंगारात जाते, कारण नाव बदलणं, पासिंग, सुटे भाग यांची खटपट करायला कुणी मोकळं नसतं. त्याहून मोठी टंचाई मेकॅनिकची. पॉइंटची गॅप हातानं जुळवणारे, आवाजावरून पिस्टनचं दुखणं सांगणारे फिटर आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या हाताखाली पोरं टिकत नाहीत.

या सगळ्या कारणांमध्ये मला स्वतःला जे सर्वांत पटतं ते थोडं वेगळं आहे. मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रोखबर्ग-हाल्टन यांनी १९८१ साली शिकागोतल्या ऐंशीहून अधिक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातली कोणती वस्तू तुम्हाला प्रिय आहे आणि का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. उत्तरांत वस्तूच्या किमतीपेक्षा आणि उपयोगापेक्षा माणसं जास्त आली: ही कुणी दिली, कुणाबरोबर वापरली, कुणाची आठवण म्हणून ठेवली. दीपनगरच्या गप्पा याला दुजोरा देतात. ज्या गाडीबद्दल लोक भरभरून बोलतात ती घरातली एकुलती एक गाडी असते. तिच्यावर पाळीला जाणारा माणूस बसला, बाळंतपणाला निघालेली बाई बसली, दहावीच्या परीक्षेला मुलगी बसली, गावाहून आलेले आजोबा बसले, शेजाऱ्यानं लग्नपत्रिका वाटायला मागून नेली. आर.सी. बुकावर एकच नाव, पण वापर सगळ्यांचा. दसऱ्याला झेंडूचा हार घालताना घरातलं प्रत्येक जण तिच्याभोवती उभं असायचं, कारण प्रत्येकाचं तिच्याकडे काही ना काही काम होतं. पुढे घरात प्रत्येकाची वेगळी गाडी झाली. सोय वाढली, पण एका गाडीत इतक्या जणांचं आयुष्य साठणं थांबलं. गाडीवर जितकी माणसं बसली तितकी तिची आठवण दाट, असा माझा निष्कर्ष आहे, आणि हाताचं काम, वाट पाहणं, तरुणपण ही कारणं त्याच्या मागून येतात.

म्हणून विजेच्या गाडीबद्दलचं एक सर्रास ऐकू येणारं भाकीत मला मान्य नाही. तिला किक नाही, प्लग नाही, आवाज नाही, तिची कसली आठवण राहणार, असं जुने लोक म्हणतात. नवी चेतक आकुर्डीलाच तयार होते आणि ती ज्या विजेवर धावते त्यात दीपनगरच्या संचांचीही वीज आहे. म्हणजे इथल्या माणसांचं तिच्याशी नातं जुन्या चेतकपेक्षा एका अर्थानं जवळचं आहे. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातल्या शाळकरी मुलींना ज्या साध्या सायकली मिळतात, त्यांना तर ना इंजिन ना नाव. तरी त्या सायकलीवर धाकटीला मागे बसवून शाळेत जाणारी मुलगी ती सायकल विसरणार नाही. भुसावळच्या क्लासला दोघी बहिणी एकाच विजेच्या गाडीवर जात असतील, संध्याकाळी तीच गाडी आईला बाजाराला लागत असेल आणि रात्री चार्जिंगला लावायची पाळी कुणाची यावरून घरात रोज बोलाचाली होत असेल, तर त्या गाडीचा रंग आणि नंबर त्या तिघींना म्हातारपणीही पाठ असेल.